संघाचा समतोल आणि माणसाचें मोल

युरोपांतील फुटबॉलचीं मैदानें जून महिन्यांत ओस पडतात, आणि नेमका तेव्हांच त्या खेळाच्या चाहत्यांच्या वादाला ऊत येतो. सामना नाहीं, चेंडू नाहीं, गुणांचा तक्ता मिटून ठेवलेला. पण आपल्या क्लबानें कोण घ्यावा, कोण काढावा, डाव्या बगलेला तिघे असून उजवी रिकामी पडली आहे तिचें काय, म्हाताऱ्या होत चाललेल्या बचावफळीवर अजून एक वर्ष निभेल कीं नाहीं, या प्रश्नांवर जी चर्चा चालते तिच्यापुढें ऐन हंगामांतील गलबला फिका वाटावा. कागदावर अकरा नांवें मांडलीं जातात, खोडलीं जातात, पुन्हां मांडलीं जातात. ‘याला विका, त्या पैशांत ते दोघे येतील’ हें वाक्य एरव्हीं घरच्या गड्यालाहि अहोजाहो करणारा माणूस सहज बोलून जातो. आम्ही स्वतः तें पुष्कळदां बोललों आहोंत. म्हणून येथें जें लिहावयाचें तें उंच आसनावर बसून लिहीत नाहीं.

या बोलण्यांतील दोन शब्दांकडे प्रथम लक्ष जातें. पहिला ‘आम्ही’. संघ जिंकला म्हणजे ‘आम्ही जिंकलों’, आणि हरला म्हणजे ‘ते हरले’, ही सर्वनामांची अदलाबदल जगांतील सर्व क्रीडाप्रेमी जनांत सारखीच आढळते. आणि मासिकांत ‘आम्ही’ म्हणून लिहिणाऱ्या एकट्या माणसानें तरी तिला हंसूं नये हें बरें. दुसरा शब्द ‘विकणें’. कायद्याच्या दृष्टीनें माणूस विकला जात नाहीं. त्याची नोंदणी एका क्लबाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि तिचे पैसे मोजले जातात. १९०५ सालीं आल्फ कॉमन हा खेळाडू संडरलंडहून मिडल्सब्रोला गेला तेव्हां एक हजार पौंड मोजले गेले, आणि एका खेळाडूसाठीं एवढी रक्कम, म्हणून इंग्लंडांत मोठा गहजब झाला. पुढें कितीएक वर्षें करार संपला तरी क्लबाच्या मर्जीवांचून खेळाडूला दुसरीकडे जातां येत नसे. १९६३ सालीं जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यांत इंग्लंडच्या न्यायालयानें ही अडवणूक अवाजवी ठरविली, आणि १९९५ सालीं बेल्जममधील जाँ-मार्क बॉस्मनच्या खटल्यांत युरोपीय न्यायालयानें करार संपलेल्या खेळाडूला मोबदल्यावांचून दुसऱ्या देशीं जाण्याची वाट मोकळी केली. म्हणजे कायदा बराच पुढें आला; आमची भाषा बाजारांतच राहिली. पण नुसत्या भाषेवर रागावणें सोपें आहे. ‘विका’ म्हणणारा माणूस दुष्ट नसतो. तो मोल ठरवीत असतो. हें मोल तो कशावरून ठरवितो, आणि तें चुकलें म्हणजे त्याची चूक हिशेबाची कीं न्यायाची, एवढाच आमच्यापुढें प्रश्न आहे.

तो हवेंत ठेवण्यापेक्षां एक घडलेली गोष्ट घेऊं. स्पेनमधील रेआल माद्रिद हा क्लब कोणा धनिकाच्या मालकीचा नाहीं. १९९० च्या कायद्यानें त्या देशांतील बहुतेक व्यावसायिक क्लबांना कंपन्या व्हावें लागलें. चार क्लबांना मात्र सभासदांची संस्था म्हणून राहण्याची मुभा मिळाली, त्यांत हा एक. तेथें अध्यक्ष मतदानानें निवडला जातो. म्हणून तेथल्या चाहत्याचा ‘आम्ही’ नुसत्या भावनेचा नाहीं. त्याच्या हातांत मत आहे. या मतानें २००० सालीं काय केलें तें पाहण्यासारखें आहे. लोरेन्झो सान्झ यांच्या अध्यक्षतेखालीं क्लबानें १९९८ सालीं, आणि पुन्हां २००० च्या मे महिन्यांत, युरोपांतील सर्वांत मानाचा करंडक जिंकला होता. दोन महिन्यांनीं निवडणूक झाली. फ्लोरेंतिनो पेरेझ या बांधकाम-व्यवसायांतील गृहस्थांनीं सभासदांना वचन दिलें कीं, आपण निवडून आलों तर प्रतिस्पर्धी बार्सिलोनाचा लुईश फिगो आणून दाखवूं, न आणल्यास सभासदांची वर्षाची वर्गणी आपण भरूं. सभासदांनीं हातांतल्या करंडकापेक्षां येऊं घातलेल्या माणसाला कौल दिला. फिगो आला, सुमारें सहा कोटी युरो मोजून आला. २००१ सालीं झिनेदिन झिदान त्याहूनहि मोठ्या रकमेला आला. २००२ सालीं ब्राझीलचा रोनाल्डो. दर उन्हाळ्यास एक तारा, असा क्रमच पडून गेला.

फिगोच्याच उन्हाळ्यांत, फारसा गाजावाजा न होतां, आणखी एक खेळाडू आला होता. क्लोद मॅकलेले. जन्म किन्शासाचा, वाढला फ्रान्समध्यें. नान्त क्लबाकडून १९९५ सालीं फ्रान्सचें अजिंक्यपद मिळविलेला, आणि माद्रिदनें सेल्ता विगो या स्पॅनिश क्लबाकडून घेतलेला. त्याची जागा बचावफळीच्या पुढें आणि मधल्या फळीच्या मागें. प्रतिपक्षाची चढाई जेथें आकार घेऊं लागते तेथें आधींच जाऊन उभें राहावयाचें, चेंडू हिसकून घ्यावयाचा, आणि तो जवळच्या जाणत्या सोबत्याला देऊन आपण बाजूला व्हावयाचें, हा त्याचा उद्योग. रोबेर्तो कार्लोस डाव्या बाजूनें धांवत सुटला कीं त्याच्या मागें पडणारें भगदाड यानें भरावें. झिदान आणि फिगो परत धांवत येणार नाहींत हें गृहीत धरून त्यांच्या वांट्याचें धांवणें यानें धांवावें.

अशा कामाला एक शाप आहे. तें जमलें म्हणजे कांहींच घडत नाहीं. गोल ही घटना आहे. तिला वेळ आहे, कर्ता आहे, तिचें चित्र वर्तमानपत्रांत छापतां येतें. न झालेला गोल ही घटनाच नव्हे. तिची नोंद कोण ठेवणार? कालव्याचें पाणी पाळीप्रमाणें प्रत्येकाच्या शेतांत पोंचत असतें तोंवर पाटकऱ्याचें नांव गांवांत कोणाला आठवत नाहीं. पाळी चुकून तंटा झाला म्हणजे तें सर्वांच्या तोंडीं येतें.

२००३ च्या २२ जूनला माद्रिदनें स्पेनचें अजिंक्यपद जिंकलें. दुसऱ्या दिवशीं शिक्षक विसेंते देल बोस्के यांना, ज्यांच्या हाताखालीं संघानें दोनदां देशाचें आणि दोनदां युरोपचें अजिंक्यपद मिळविलें होतें, करार वाढविला जाणार नाहीं असें कळविण्यांत आलें. कर्णधार फर्नांदो येरो यालाहि निरोप मिळाला. जुलैच्या आरंभीं मँचेस्टरहून डेव्हिड बेकहॅम आला, आणि संघ चीन, जपान, थायलंड असा दौरा करून आला. मॅकलेलेनें याच सुमारास वेतन वाढवून मागितलें. नामांकित सोबत्यांना जें मिळत होतें त्याच्या एका अंशावर तो खेळत होता. मागणी नाकारली गेली. तोहि हट्टाला पेटला. आणि खरेदीची मुदत संपतां संपतां दीड कोटी पौंडांहून थोड्या अधिक रकमेला तो लंडनच्या चेल्सी क्लबाकडे गेला. तो गेल्यावर अध्यक्षांनीं जाहीरपणें जें सांगितलें त्याचा आशय असा होता कीं, त्याची उणीव भासणार नाहीं. त्याला डोक्यानें चेंडू खेळतां येत नाहीं, आणि दोनतीन मीटरांपलीकडे तो चेंडू देत नाहीं. हें शेवटचें विधान अक्षरशः फारसें खोटें नव्हतें. झिदान दोनतीन मीटरांवर उभा असतांना चेंडू चाळीस मीटर भिरकावण्यांत काय शहाणपण, हें मात्र त्यांना कोणी विचारलें नाहीं.

येथें आमची स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही कांहीं मित्र त्या काळीं मध्यरात्रीनंतर जागून दूरचित्रवाणीवर या संघाचे सामने पाहत असूं. २००२ च्या मे महिन्यांत ग्लासगो येथें अंतिम सामन्यांत झिदाननें डाव्या पायानें अधांतरींच मारलेला तो गोल आम्हीं पाहिला, आणि शेजाऱ्यांची झोंप मोडली. पुढल्या वर्षीं बेकहॅम येणार हें ठरलें त्या दिवशीं आम्हीं रीतीप्रमाणें कागद घेतला आणि अकरा नांवें मांडलीं. कासियास, रोबेर्तो कार्लोस, फिगो, झिदान, बेकहॅम, राउल, रोनाल्डो. हीं सात नांवें कोणी सांगावींहि लागलीं नाहींत. बेकहॅमची मूळची जागा उजवी बगल, आणि ती फिगोची, तेव्हां बेकहॅमला मध्यभागीं घातला. पुढें त्या संघानेंहि तेंच केलें, याचें त्या वेळीं आम्हांला केवढें भूषण वाटलें! मॅकलेलेचें नांव त्या कागदावर नव्हतें. तें खोडलेलेंहि नव्हतें. खोडण्यासाठीं तरी आधीं आठवावें लागतें.

कोणी म्हणेल, त्या जागेवरचें कामच डोळ्यांत न भरणारें, त्यांत पाहणाऱ्याचा काय दोष? हा बचाव आम्हीं बरेच दिवस मनाशीं बाळगला होता. पण तो टिकत नाहीं. मॅकलेले आला तो फर्नांदो रेदोन्दो या अर्जेंटिनाच्या खेळाडूची जागा भरावयास. रेदोन्दोला पेरेझ यांनीं आल्याबरोबर मिलानला देऊन टाकलें, तेव्हां माद्रिदचे लोक संतापले होते. तोहि बचावफळीच्या पुढेंच खेळे. परंतु त्याची मान ताठ, चाल राजस. २००० च्या एप्रिलमध्यें मँचेस्टर येथें टांचेनें चेंडू मागें सारून त्यानें एका बचावपटूला जसा चकविला, त्याची आठवण लोक अजून काढतात. तेव्हां जागा अदृश्य नव्हती. तिच्यावर देखणा माणूस होता तोंवर ती सर्वांना दिसत होती. बुटका, धांवधांव करणारा, मिळालेला चेंडू मुकाट्यानें दुसऱ्याच्या स्वाधीन करणारा माणूस आला, आणि ती दिसेनाशी झाली.

सौंदर्यावर प्रेम करणें हा गुन्हा नव्हे. खेळ पाहावयाचा तो त्याच्यासाठींच. नाहींतर लाथेनें चामड्याचा गोळा इकडून तिकडे नेण्यांत मनुष्यजातीचें कोणतें हित आहे? झिदानला अधिक पैसे मिळावे हें आम्हांला आजहि वाजवी वाटतें, कारण लोक येतात ते त्याला पाहावयास. पेरेझ यांचा हिशेबहि वेडगळ नव्हता. २००४-०५ च्या हंगामांत उत्पन्नाच्या बाबतींत माद्रिद जगांतील पहिला क्लब ठरला. त्या पूर्वेच्या दौऱ्यावर संघ कोणासाठीं नेला होता? आमच्यासारख्या दूरच्या, मतदानाचा हक्क नसलेल्या, परंतु दूरचित्रवाणीसमोर बसून या व्यापाराला गिऱ्हाईक पुरविणाऱ्या प्रेक्षकांसाठींच. माद्रिदच्या सभासदांना दोष देऊन आम्हांला सुटतां येत नाहीं. ज्याच्यावर प्रेम बसत नाहीं त्याचें देणेंहि लागत नाहीं, असें मात्र आम्ही सर्वांनीं मिळून धरून चाललों, आणि आमचें पाऊल घसरलें तें तेथें. प्रेम मागून मिळत नाहीं हें खरें; देणें मागतां येतें. मॅकलेलेनें मागितलें तें देणें.

आणि मागितलें हेंच आम्हांला खटकलें! आपल्याकडे सत्कारसमारंभांतून ‘पायाचा दगड’ हा शब्द फार मानानें वापरतात. कळस सर्वांना दिसतो, पायाचा दगड कोणाला दिसत नाहीं, पण इमारत त्याच्यावर उभी असते, वगैरे. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात, नारळ आणि शाल दिली जाते, आणि दगडाला निरोप मिळतो. या उपमेची खरी सोय अशी कीं, दगड पगारवाढ मागत नाहीं. पंढरपुरास महाद्वारीं नामदेवाची पायरी आहे. संतांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवानें ती जागा मागून घेतली अशी कथा आहे, आणि ती ऐकतांना कोणाचेंहि मस्तक नम्र होतें. पण जी जागा नामदेवानें स्वतः मागून घेतली ती दुसऱ्यावर लादून, वर त्यानें नामदेवाचें समाधानहि दाखवावें असें म्हणणें ही भक्ति नव्हे. न दिसणारें काम करणाऱ्यानें न दिसण्यांतच संतोष मानावा ही अपेक्षा ज्यांना ते काम फुकट हवें असतें त्यांनाच सुचते. आमच्या मित्रमंडळींत तेव्हां जें बोललें गेलें तें नमूद करतों: ‘यालाहि पैशाचीच हांव!’ शेजारीं बेकहॅमचें वेतन छापलेलें होतें. त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं.

पुढें काय झालें तें ठाऊक असलेल्यांना पुन्हां सांगावयास नको, इतरांसाठीं थोडक्यांत. २००३-०४ च्या हंगामांत वसंतऋतूपर्यंत माद्रिद आघाडीवर होतें. मग राजाच्या करंडकाच्या अंतिम सामन्यांत साराहोसाकडून हार झाली. युरोपच्या स्पर्धेंत मोनाकोनें बाहेर काढलें. आणि दोन्ही सामन्यांत गोल करणाऱ्यांत होता फर्नांदो मोरिएन्तेस, म्हणजे माद्रिदनेंच जादा म्हणून वर्षभरासाठीं मोनाकोस उसना दिलेला आपला खेळाडू. इतका चपखल योगायोग कादंबरींत घातला असता तर आमच्या परीक्षकांनीं त्याला नाटकी ठरविलें असतें. शेवटीं स्पेनच्या लीगमधील अखेरचे पांच सामने ओळीनें हरून संघ चौथा आला. तीन हंगाम एकहि मोठा करंडक मिळाला नाहीं, आणि २००६ च्या फेब्रुवारींत पेरेझ यांनीं राजीनामा दिला. तिकडे चेल्सीनें २००५ आणि २००६ अशीं दोन वर्षें इंग्लंडचें अजिंक्यपद मिळविलें.

झालें! जो तो समतोलाविषयीं बोलूं लागला. संघ म्हणजे ताऱ्यांची रास नव्हे, त्याला तोल हवा, भार वाहणारे हवेत, नुसते अलंकार उपयोगाचे नाहींत, हें ज्ञान एका वर्षांत सर्वांना झालें. आम्हांलाहि झालें, आम्हीं तें इतक्या ठासून सांगूं लागलों कीं, ऐकणाऱ्याला आम्ही पूर्वीपासूनचेच मॅकलेलेचे कैवारी वाटावे.

या पश्चात्तापाविषयीं आमचा संशय दिवसेंदिवस वाढत गेला आहे. पहिली गोष्ट, एक माणूस गेल्यामुळें संघ पडला ही कथाच जरा जास्त सुबक आहे. येरो गेला होता आणि त्याच्या तोडीचा कोणी आणला नव्हता; देल बोस्के गेले होते; झिदान, फिगो यांचीं वयें वाढत होतीं; पाठीमागची कुमक अपुरी होती. पण तो वाद क्रीडासमीक्षकांनीं करावा. दुसरी गोष्ट आम्हांला अधिक लागते. समजा, २००४ सालीं माद्रिदनें तिन्ही करंडक जिंकले असते. त्या अखेरच्या पांच सामन्यांत चेंडू चारदोन वेळां खांबाच्या आंतल्या बाजूला लागला असता. मग मॅकलेलेला दिलेली वागणूक न्याय्य ठरली असती काय? तीन वर्षें दुसऱ्यांच्या वांट्याचें धांवून त्यानें जें मिळविलें होतें, तें पुढल्या वर्षीं चेंडू कोठें लागतो यावर कसें अवलंबून राहील? सावकाराचें कर्ज बुडवून पुढें दुकान बरकतीला आलें, तर कर्ज नव्हतेंच असें कोणी म्हणत नाहीं. आम्हीं मात्र पराभवानंतरच तें देणें मान्य केलें, आणि त्याला नांव दिलें ‘समतोल बिघडला’. समतोल हा शब्द तराजूचा आहे, आणि तराजू दुकानांतहि असतो. आमच्या तोंडीं तो दुकानांतलाच होता. ‘अन्याय झाला’ असें कोणी म्हटल्याचें आम्हांला आठवत नाहीं. ‘चूक झाली’ असें सर्व म्हणाले.

सभासदांनीं तर तेवढेंहि म्हटलें नाहीं. २००४ च्या जुलैंत, त्या पडझडीच्या हंगामानंतर लगेच, नवी निवडणूक झाली आणि पेरेझ नव्वद टक्क्यांहून अधिक मतांनीं निवडून आले. त्याच उन्हाळ्यांत लिव्हरपूलहून मायकेल ओवेन आला. आघाडीची फळी आधींच दाटलेली असल्यामुळें युरोपचा एके काळचा सर्वोत्तम ठरलेला हा खेळाडू पुष्कळदां बाकावर बसून राहिला.

इंग्लंडांत मॅकलेलेला अखेर मान मिळाला. तो इतका मिळाला कीं, बचावफळीपुढच्या त्या जागेलाच तेथें त्याचें नांव पडलें, आणि अमक्या क्लबाला ‘एक मॅकलेले’ हवा आहे असें लोक बोलूं लागले. हा गौरव आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. तरी त्यांतला एक कांटा बोंचतोच. पूर्वीं माणूस दिसत नव्हता. आतां जागा दिसूं लागली, आणि माणूस पुन्हां तिच्या मागें गेला. विशेषनामाचें सामान्यनाम झालें कीं तें कोणालाहि लावतां येतें, आणि ज्याला लावलें तो न जमल्यास पुढल्या उन्हाळ्यांत बदलतां येतो. उपयोग पाहूनच ज्यांना जवळ केलें त्यांच्याकडे उपयोगापलीकडे पाहणें चाहत्याला शक्य आहे काय, याचें उत्तर आम्हांला सांपडलेलें नाहीं. अकरांहून अधिक माणसें मैदानावर उभीं करतां येत नाहींत. कोणाला तरी वगळावेंच लागणार. आणि क्लब म्हणजे अनाथाश्रम नव्हे. हें सर्व मान्य आहे. कागद आम्ही अजूनहि मांडतों. फक्त ज्याचें नांव त्यावर येत नाहीं तो काय करीत होता, हें एकमेकांना एकदां विचारावयाचें, एवढा पायंडा आम्हीं पाडून घेतला आहे, आणि दर खेपेस तो पाळला जातोच असेंहि नाहीं.

७ मे २००५ रोजीं लंडनला स्टॅम्फर्ड ब्रिज मैदानावर चेल्सीला अजिंक्यपदाचा करंडक द्यावयाचा होता. त्या दिवशींचा सामना चार्ल्टनशीं. नव्वद मिनिटें संपत आलीं तरी गोल नव्हता, आणि अखेरीस चेल्सीला पेनल्टी मिळाली. ती मारावयास पुढें आला मॅकलेले, ज्यानें त्या क्लबाकडून तोंवर एकहि गोल केला नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांना चेंडू देत आलेल्या माणसाला त्या दिवशीं सोबत्यांनीं चेंडू दिला. त्याचे आभार मानावयाचे तर गोलाशिवाय दुसरें नाणें त्यांच्याजवळहि नव्हतें. त्यानें मारलेला चेंडू गोलरक्षकानें अडविला. तो परत आला, आणि मॅकलेलेनें धांवत जाऊन त्याला जाळ्यांत ढकलला. सामना एक विरुद्ध शून्य असा संपला.